सवय होईल आठ दिवसांत

चष्मेवाल्याच्या दुकानात प्रत्येक कामाचं एक पिवळं पाकीट असे. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, तारीख, फ्रेम कुठली आणि काचा कुठल्या, हे सगळं तो मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात लिहीत असे. फक्त एका पाकिटावर यातलं काहीच नव्हतं. त्यावर 'घरचं' एवढा एकच शब्द होता. ते पाकीट तीन आठवडे खणात पडून होतं, कारण घरच्या कामाला तारीख नसते आणि आई काही दुसऱ्या दुकानात जात नाही.

आईची मागणीही काही फार नव्हती. नंबर वाढला होता आणि जुन्या चष्म्याची काडी तुटून ती दोऱ्यानं बांधायची वेळ आली होती. फ्रेम मात्र तिला तीच हवी होती, काळी, जाड आणि गोल. चष्मेवाल्यानं दुकान काढलं तेव्हा त्या फ्रेमचा अख्खा खोका घेऊन ठेवला होता आणि वीस वर्षांत त्या खोक्याला दोनच गिऱ्हाइकं मिळाली होती. एक आई. दुसरे मास्तर. हे मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, आईच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे. आईला जवळचं दिसत नसे आणि मास्तरांना लांबचं, एवढाच दोघांच्या डोळ्यांत फरक. चष्मे मात्र बाहेरून जुळ्या भावंडांसारखे.

एका मंगळवारी दुपारी दोन्ही चष्मे तयार झाले. चष्मेवाल्यानं नियमाप्रमाणे दोन्हींचे नंबर यंत्रावर तपासले, पुसले आणि फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. मास्तर समोर उभेच होते. तेवढ्यात आईचा फोन आला.

आईच्या फोनला 'हं' म्हणण्यात चष्मेवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आई चष्म्याचं विचारून नळाच्या गळतीवर गेली, तिथून जिन्यातल्या दिव्यावर आणि मग वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या गुडघ्यावर. प्रत्येक ठिकाणी योग्य जागी 'हं' पडत होता. ऐकत मात्र तो काहीच नव्हता. 'हं' म्हणता म्हणता त्याच्या हातांनी दोन चष्मे दोन डब्यांत घातले, एक डबी मास्तरांच्या हाती दिली आणि दुसरी स्वतःच्या खिशात टाकली.

दुपारी घरी जाता जाता तो आईच्या दारात थांबला. बूट काढायला लागू नयेत म्हणून उंबऱ्याबाहेरूनच त्यानं नवा चष्मा दिला आणि जुना घेतला. आईनं नवा चष्मा डोळ्यांवर चढवला. दाराची चौकट वाकली. समोरचा पंचेचाळीस वर्षांचा मुलगा एकदम लहान झाला आणि चौथीत असल्यासारखा दिसायला लागला.

"जरा वेगळंच वाटतंय रे," आई म्हणाली.

"नवीन नंबर आहे. सवय होईल आठ दिवसांत," असं म्हणून तो जिना उतरूनही गेला.

हे वाक्य तो दिवसातून पाच वेळा म्हणायचा आणि विसात एकोणीस वेळा ते खरंही असायचं. विसाव्या वेळी काय होतं ते सांगण्यासाठीच ही गोष्ट आहे.

आई काही कोणी साधीसुधी बाई नव्हती. कापडाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत तिनं तीस वर्षं काढली होती. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्यातला तुटलेला धागा आई नुसत्या नजरेनं पकडायची. दोष सापडला की खडूची खूण करायची आणि ठाण बाजूला. अशा बाईला चष्म्यातला दोष कळायला आठ दिवस लागत नाहीत, आठ मिनिटंही लागत नाहीत. पण मुलगा म्हणाला होता सवय होईल, म्हणून ती मुकाट्यानं सवय व्हायची वाट बघत बसली.

आठ दिवस गेले. चौकट वाकडी ती वाकडीच राहिली. नवव्या दिवशी आईच्या लक्षात आलं की दोष डोळ्यांत नाही, चष्म्यात आहे, आणि चष्मा मुलानं केलेला आहे. दुसरी कोणी असती तर तिनं फोन उचलून मुलाला चार शब्द सुनावले असते. पण या मुलाचा फोटो स्टुडिओ बुडाला होता, नंतरचं सायकलींचं दुकानही बसलं होतं, आणि तिसऱ्या खेपेला हा चष्म्यांचा धंदा कसाबसा उभा राहिला होता. इमारतीतल्या प्रत्येक घरात जाऊन 'चष्मा करावा तर माझ्या मुलाकडूनच' असं तिनंच सांगितलं होतं. आता काय सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय तिला खरी काळजी लागली ती वेगळीच. हाताखालून असली चूक सुटते म्हणजे पोराचं काहीतरी बिघडलंय, आणि हे बाहेर कळलं तर तिसरं दुकानही जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून आईनं चष्मा डोळ्यांवर ठेवला तो ठेवलाच.

आता परिणाम व्हायचे ते झाले. नातीच्या फ्रॉकची बाही जरा उसवली होती, ती आईनं इतकी चांगली शिवली की हात बाहेर यायला वाटच राहिली नाही. कपड्यांच्या दुकानाबाहेर उभ्या केलेल्या पुतळ्याला तिनं दोनदा 'जरा बाजूला होता का' असं विचारलं आणि तो हलेना म्हणून त्याला वळण कसं नाही हे घरी येऊन सांगितलं. पण कडेलोट झाला तो फोनवरच्या चित्रामुळे. चष्मेवाल्याची ताई दूरच्या शहरात मोठ्या कचेरीत अधिकारी होती. तिच्या सासूबाई घसरून पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. ताईनं तसं कळवलं. आईनं चाचपडत चाचपडत काळजीचं म्हणून जे चित्र पाठवलं त्यात एक मुलगी फुगे घेऊन नाचत होती आणि वर 'अभिनंदन' असं लिहिलेलं होतं.

ताईचा फोन पाचव्या मिनिटाला चष्मेवाल्याला आला. ताईचं डोकं कचेरीच्या कपाटासारखं होतं, प्रत्येक गोष्टीला वेगळा कप्पा. तिनं बाही, पुतळा आणि फुगे या तिन्ही गोष्टी एकाच कप्प्यात घातल्या आणि निकाल दिला की आईची बुद्धी चळायला लागली आहे. तिच्या कचेरीत कुणा डॉक्टरांचं व्याख्यान झालं होतं, त्यात ही सगळी लक्षणं सांगितली होती. महिनाभर रोज आईजवळ बसायचं, तिला जुन्या गोष्टी विचारायच्या, आठवतंय का नाही त्याची खूण करायची, मग तपासणी. आणि तपासणीत काही निघालं तर आईचं घर बंद करून तिला चष्मेवाल्याकडे न्यायचं.

त्या दोन खोल्यांतून हलायचा विषय निघाला की आईचं एकच उत्तर असे, "मला इथून न्याल तेव्हा आडवीच न्याल." त्या घरात तिची सकाळ होती, तिची खिडकी होती, जिन्यावरच्या बायका होत्या. तिथून उचलून तिला आपल्या घरातल्या कोपऱ्यात ठेवायचं म्हणजे झाड उपटून बादलीत लावण्यासारखं आहे, हे चष्मेवाल्याला कळत होतं. पण जिना उतरताना ती पडली तर? त्याची झोप उडाली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक वाजता दुकान बंद करून तो आईकडे जायला लागला. बूट काढून आत बसला त्या दिवशी आईनं दोनदा विचारलं, सगळं ठीक आहे ना. वीस वर्षं या मायलेकांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'जेवलो' याच्यापुढे फारसं गेलं नव्हतं, त्यामुळे पुढचं वाक्य कुणाला सुचेना. शेवटी त्यानं खिशातून ताईची यादी काढली आणि साहेबानं उमेदवाराला विचारावं तसं विचारलं, की मी शाळेत कधी जायला लागलो ते आठवतं का.

आईला आठवत होतं. तारीख आठवत होती, त्या दिवशी त्यानं घातलेला सदरा आठवत होता आणि शाळेच्या फाटकाला धरून तो किती वेळ रडला तेही आठवत होतं. चष्मेवाल्यानं बरोबरची खूण केली. यादीतल्या चाळीस प्रश्नांपैकी एकही चुकला नाही. उलट प्रत्येक उत्तराला दोन-दोन पोटप्रश्न फुटले आणि त्यांची उत्तरं चष्मेवाल्यालाच देता आली नाहीत.

चार दिवसांत यादी संपली. पण तो जातच राहिला. आपण निरीक्षण करतोय असं तो स्वतःला सांगत होता, पण खरं म्हणजे त्याला मजा यायला लागली होती. आईनं चाळिसाव्या वर्षी कारखान्याच्या मैदानात बाकीच्या बायकांबरोबर चोरून सायकल शिकायचा घाट घातला होता, हे त्याला तेव्हा कळलं. एकदा ती सायकलवरून आपटली आणि घरी येऊन जिन्यावरून पडले असं सांगितलं. तेव्हा अकरा वर्षांच्या चष्मेवाल्यानं तिच्या गुडघ्याला औषध लावलं होतं आणि जिन्याला लाथ मारली होती. मग त्यालाही बोलावंसं वाटलं. एका परीक्षेत आपण नापास झालो होतो आणि निकालपत्र लपवून ठेवलं होतं, हे पस्तीस वर्षांनी त्यानं कबूल केलं.

"पलंगाखाली, ट्रंकेच्या मागे," आई म्हणाली. "मी झाडताना रोज उचलायचे आणि परत तिथेच ठेवायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. जरा उशीरच केलास."

इतकं सगळं छान चाललं होतं, पण पुरावा काही पाठ सोडत नव्हता. रोज तो आल्यावर आई वर्तमानपत्र घेऊन बसलेली असे. त्यातलं एक अक्षरही तिला लागत नव्हतं. आज काय विशेष, असं त्यानं विचारलं की ती अंदाजानं काहीतरी सांगून द्यायची. एकदा तिनं सांगितलं की एका मंत्र्यानं राजीनामा दिला. चष्मेवाल्यानं संध्याकाळी सगळं वर्तमानपत्र पालथं घातलं, कुणीही राजीनामा दिला नव्हता. त्यानं ते जड मनानं यादीत लिहून ठेवलं. दोन दिवसांनी एका मंत्र्यानं खरोखरच राजीनामा दिला, ते मात्र त्यानं लिहिलं नाही. आई पेला समजून फुलदाणीतून पाणी प्यायली ते लिहिलं. तो आला असं समजून खिडकीतून हात केला तो भलत्याच माणसाला, तेही लिहिलं. लिहिता लिहिता एक दिवस त्याचे डोळे भरून आले.

आईनं ते पाहिलं. म्हणजे नीट दिसलं नाही, पण नाक ओढल्याचा आवाज ऐकू आला. भर धंद्याच्या दिवसांत एक धडधाकट माणूस रोज येऊन बसतो, लहानपणच्या गोष्टी विचारतो, कागदावर कसल्याशा खुणा करतो आणि मध्येच रडतो. तिला जी शंका होती तिची खात्रीच झाली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी अधिकच मऊ बोलायला लागली. तू लहानपणापासून फार हुशार, तुझ्या हातात कला आहे, असं ती मध्येमध्ये म्हणायची आणि त्याला वाटायचं, हिला आता माणसंही नीट ओळखू येईनाशी झाली.

तिनं ताईलाही फोन केला. भावाचं काही ठीक दिसत नाही, त्याच्याकडे लक्ष ठेव, पण त्याला कळू देऊ नकोस, असं बजावलं. ताईनं लगेच भावाला कळवलं की आईला आता जवळच्या माणसांविषयी संशय यायला लागला आहे आणि हे लक्षण यादीत तिसऱ्या क्रमांकावर आहे. डॉक्टरांची वेळ तिनं तिकडूनच ठरवून टाकली. आईलाही तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं की तपासणीत काही निघालं तर आता भावाकडे राहायचं. आई बरं म्हणाली. आई इतक्या सहज बरं म्हणाली हेही लक्षणच, असं दोन्ही भावंडांचं एकमत झालं.

एवढ्या काळजीत चष्मेवाल्याला एकच आधार होता, आणि तो म्हणजे दुकान. का कोण जाणे, पण त्या महिन्यात गिऱ्हाइकं फार गोड वागत होती. कोणी घासाघीस करेना, कोणी उशिराबद्दल कुरकुरेना. एका बाईंना काळ्याऐवजी तपकिरी फ्रेम गेली तरी त्या 'असू दे, असू दे' म्हणाल्या आणि जाताना त्याच्या हातावर थोपटून गेल्या. मास्तर तर सुरुवातीला दोनदा कुरकुरत आले होते आणि सवय होईल हे ऐकून परत गेले होते. तेही पुढच्या खेपेला तक्रार न करता चष्म्याची एक जास्तीची डबी विकत घेऊन गेले. आपल्या कामाला लोक अखेर मानायला लागले, असं चष्मेवाल्याला वाटलं.

डॉक्टर मृदू आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी आईला समोर बसवलं, चष्मेवाल्याला तिच्या शेजारी बसवलं आणि साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली. आज वार कोणता, तारीख कोणती, घर कितव्या मजल्यावर. आईनं पटापट सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं तेव्हा आई इतक्या वेगानं खाली आली की डॉक्टरांनाच बोटांवर मोजून ताळा करावा लागला. चष्मेवाल्याला जरा धीर आला.

मग डॉक्टरांनी चित्रांची कार्डं काढली. पहिल्यावर सिंह होता.

आईनं कार्ड जवळ घेतलं, लांब धरलं, मान तिरपी केली. तिला मधोमध काहीतरी पिवळं आणि चारी बाजूंनी धुकं दिसत होतं.

"सोफा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दुसरं कार्ड दिलं. त्यावर किल्ली होती. आईनं तिला मासा म्हटलं. घड्याळाला ताट म्हटलं. छत्रीला मात्र ती बराच वेळ निरखत राहिली आणि हा कोणी ओळखीचा माणूस आहे का, असं तिनं उलट विचारलं. चष्मेवाल्यानं रुमाल काढला. त्याच्या डोळ्यांसमोर आईच्या घराला लागलेलं कुलूप आलं, खिडकीत वाळत जाणाऱ्या कुंड्या आल्या. डॉक्टर कागदावर लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता थांबल्या.

"आजी, चष्मा जरा काढता?"

"कशाला? चांगला आहे चष्मा."

"काढा तर खरा."

आईनं नाइलाजानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. डॉक्टर उठल्या, खोलीच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून त्यांनी एकेक कार्ड वर धरलं.

"सिंह," आई म्हणाली. "किल्ली. छत्री. ते घड्याळ, दहा वाजून दहा मिनिटं. पण त्याचा मोठा काटा वाकडा छापलाय, छापणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही."

डॉक्टरांनी कार्ड वळवून स्वतः बघितलं. दहा वर्षं त्या ते कार्ड वापरत होत्या. काटा वाकडा होता. त्या परत येऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, "आजी, हा चष्मा तुम्हाला कुणी दिला?"

"बसस्टॉपजवळ एक माणूस बसतो, त्याच्याकडून घेतला," आई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली. "माझ्या मुलाचा यात काही संबंध नाही. त्याचे चष्मे फार चांगले असतात, तुम्ही एक करून बघा."

चष्मेवाल्यानं तिच्या मांडीवरचा चष्मा उचलला. सवयीनं उजेडासमोर धरला आणि वर-खाली हलवला. काचेतली खिडकी ज्या बाजूला सरकली ती बाजू आईच्या नंबराची नव्हती. कुठलाही चष्मेवाला हे दोन सेकंदांत ओळखतो. महिनाभर तो या चष्म्यासमोर रोज दोन तास बसला होता, आणि त्याच्या मागे असलेल्या डोक्याची परीक्षा घेत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"मी दिला, डॉक्टर," तो म्हणाला. "हा मास्तरांचा आहे. तिचा मास्तरांकडे गेलाय."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आईंची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे, असं त्या म्हणाल्या आणि कागद फाडून टोपलीत टाकला. तपासणीची फी मात्र त्यांनी घेतली, पण ते एक सोडून देऊ.

बाहेरच्या बाकावर मायलेकं बसली.

"तू बोलली का नाहीस?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"तूच म्हणालास सवय होईल."

"आठ दिवसांनी तरी बोलायचंस."

"आठ दिवसांनी कळलं की चूक तुझी आहे. मग कशी बोलणार?" आई म्हणाली. "मला वाटलं, तुझंच डोकं ठिकाणावर नाही. रोज येतोस काय, रडतोस काय. शहाणा माणूस असं करतो का?"

"मी तुझी परीक्षा घेत होतो. तुझं डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला. ताईनं यादी दिली होती."

आई एकदम वळली. तिला तो धूसर दिसत होता, तरी तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग तिच्या खांद्यांना कंप सुटला. ती रडतेय असं वाटून चष्मेवाला घाबरला, पण ती हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तोही हसायला लागला. आत बसलेले दोन रुग्ण बाहेर डोकावून गेले. हसता हसता मध्येच चष्मेवाल्याचं हसू थांबलं.

"आई, तपासणीत काही निघालं तर तुझं घर बंद करणार होतो आम्ही."

"माहीत आहे. ताईनं सांगितलं होतं."

"आणि माहीत असून तू सिंहाला सोफा म्हणालीस?"

"मग काय म्हणू? मुलानं केलेल्या चष्म्यातून मला दिसत नाही म्हणू? त्या परक्या बाईसमोर?" आईनं पदरानं डोळे पुसले. "घराचं काय, दोन खोल्या आहेत. पण तुझं हे दुकान गेलं असतं ना, तर तुला पुन्हा उभं करायला माझ्यात ताकद उरली नव्हती रे."

तिचा हात हातात घेऊन चष्मेवाला एवढंच म्हणाला, की त्या दिवशी तू फोनवर बोलत होतीस आणि मी नुसता हं हं करत होतो, म्हणून हे झालं. माझं चुकलं. आई म्हणाली, मलाही माहीत आहे तू ऐकत नसतोस. तरी मी बोलते, कारण हं तरी येतो.

तिथून दोघंही थेट मास्तरांकडे गेली. मास्तरांनी शांतपणे खिशातून नवा चष्मा काढून दिला. दुसऱ्या दिवसापासून तो खिशातच होता आणि डोळ्यांवर जुनाच होता. चष्मेवाल्यानं पुन्हा पुन्हा माफी मागितली आणि विचारलं, तुम्ही मला खडसावलं का नाही.

मास्तरांनी आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं.

"यांनीच सांगितलं होतं ना," मास्तर म्हणाले. "जिन्यात थांबवून. म्हणाल्या, पोराचं सध्या बरं नाही, हातून काही चुकलं तर कोणी बोलू नका. सगळ्यांनाच सांगितलंय त्यांनी. तिन्ही मजल्यांना, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारांना."

म्हणजे हे दोघं जिन्यात समोरासमोर उभे राहिले होते, एकाचा चष्मा दुसऱ्याच्या डोळ्यांवर आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या खिशात, आणि चष्मा सोडून बाकी सगळ्यावर बोलून आपापल्या घरी गेले होते. आणि महिनाभर ज्या मानमरातबानं चष्मेवाला मनातल्या मनात फुगत होता तो अख्ख्या गल्लीनं त्याच्यावर केलेला दयेचा वर्षाव होता. तपकिरी फ्रेमवाल्या बाई आठवून त्याचे कान लाल झाले.

आईनं तिथेच आपला खरा चष्मा डोळ्यांवर चढवला. मास्तरांच्या दाराची चौकट सरळ झाली. मग तिनं मुलाकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, ठाण टेबलावर आल्यासारखं. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते, सदऱ्याचं एक बटण लोंबत होतं आणि डोळ्यांखाली झोप नसल्याच्या खुणा होत्या. बटण तिनं तिथल्या तिथे मास्तरांकडून सुई-दोरा मागून घेऊन लावलं, आणि अगदी बरोबर जागी लावलं.

ताईला रात्री फोनवर सगळं सांगून झालं. ती जरा हिरमुसली, कारण यादी तिनं फार मेहनतीनं केली होती. पण आई ठणठणीत आहे, घर कुणी बंद करत नाही, हा विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी एक वाजला. चष्मेवाल्यानं सवयीनं दुकान बंद करायला हात उचलला आणि मग खाली घेतला. आता जायला काही कारण उरलं नव्हतं. खणात कामाची अकरा पाकिटं साठली होती. त्यानं एक उघडलं, काच यंत्राखाली धरली आणि नंबर वाचला. पुन्हा वाचला. सव्वा वाजला. आई आता वर्तमानपत्र खरंच वाचत असेल, आणि निवांत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्याला मात्र आज दुपार फार लांब वाटत होती.

दीड वाजता फोन वाजला. त्यानं हातातली काच खाली ठेवली, यंत्राचा दिवा बंद केला आणि मगच फोन उचलला.

"कामात आहेस का रे?" आईनं विचारलं.

"नाही. बोल."

आई आवाज खाली आणून म्हणाली, "काही नाही, पण मला वाटतं ताईचं बरोबर होतं. मला खरंच विसरायला होतंय."

"काय विसरलीस?"

"ते आठवत असतं तर फोन कशाला केला असता? तू येऊन विचार."